आपुलकीची दुसरी वेलांटी

या घराण्यात अमुक एक वस्तू कोणाची, यावरून आजवर पुष्कळ भांडणं झाली होती. पण ती सगळी 'माझी, माझी' अशी. 'तुझी, तुझी' असं भांडण त्या रविवारी सकाळी आत्याच्या बैठकीच्या खोलीत पहिल्यांदाच झालं, आणि सराव नसूनही सगळ्यांनी ते फार छान वठवलं.

निमित्त इमारतीच्या नावाचं होतं. दादा, आत्या आणि नाना या तिघा भावंडांनी मिळून गुंतवणूक म्हणून बांधलेल्या इमारतीच्या कपाळावर चार लोखंडी अक्षरं होती: आ, पु, ल, की. त्यातली शेवटची 'की' गेल्या महिन्यात वाऱ्याचं निमित्त करून निखळली आणि खाली दुकानाचं शटर वर करत असलेल्या चष्मेवाल्याच्या उजव्या खांद्यावर पडली. हाड मोडलं. लोकांना नीट दिसावं म्हणून आयुष्य वेचलेल्या त्या माणसाला वर बघायला मात्र कोणी सांगितलं नव्हतं. आता त्याच्या वकिलाची नोटीस आली होती, 'इमारतीचे मालक' यांच्या नावाने. आपुलकी अंगावर आली म्हणून नुकसानभरपाई मागणारा तो बहुधा पहिलाच भाडेकरू असावा.

नोटीस येईपर्यंत या घरात मालकांची टंचाई नव्हती. प्रवेशद्वाराच्या संगमरवरी पाटीवर पहिलं नाव कोणाचं, यावरून दादा आणि नाना सहा महिने एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटी तिघांची नावं गोलाकार कोरली, म्हणजे पहिलं कोणतं ते कळू नये. नोटीस आल्यावर त्याच पाटीसमोर उभं राहून दादा म्हणाले होते, "यावरून मालक कोण ते नक्की सांगता येत नाही, नाही का?" आणि नाना म्हणाले होते, "अजिबात नाही, दादा." पंधरा वर्षांत दोघांचं एकमत झालं ते हे.

"बाई, चहाबिहा काही नको हं. आम्ही लगेच निघणार," दादा म्हणाले आणि खोलीतल्या एकुलत्या एका आरामखुर्चीत पाय पसरून बसले.

आत्याला सगळं गावच 'बाई' म्हणायचं, थोरल्या भावासकट. जन्मभर शाळेत व्याकरण शिकवल्यावर माणसाला दुसरं नाव उरत नाही. निवृत्त होताना मिळालेलं सगळं तिने या इमारतीत घातलं होतं आणि बदल्यात तिसऱ्या मजल्यावरची ही दोन खोल्यांची जागा राहायला घेतली होती. दादांचा गावाबाहेर बंगला होता. नानांचं तळमजल्यावर डाव्या अंगाला टाइल्सचं दुकान होतं आणि आणखी दोन ठिकाणी फ्लॅट होते. आत्याचं म्हणाल तर हेच: ही खोली, ती खोली आणि मध्ये स्वयंपाकाचा ओटा.

आणि आज सगळेजण त्या ओट्याकडे जरा जास्तच प्रेमाने बघत होते. नानांची बायको, म्हणजे धाकटी, आल्यापासून खिडकीपाशी उभी होती.

"वन्सं, पडदे छान आहेत हो. खिडकी किती फुटांची आहे ही?"

"का गं?"

"सहज आपलं."

दादांचा मुलगा वकील होता. म्हणजे कागदोपत्री. प्रत्यक्षात तो दुकानांच्या नावांची नोंदणी करून द्यायचा. कोर्टात तो आतापर्यंत एकदाच उभा राहिला होता, आणि तेही बाकावर जागा नव्हती म्हणून. पण घरचा वकील फी घेत नाही, हा त्याचा कायद्यातला सर्वात मोठा गुण होता. त्याने बॅगेतून दोन टाइप केलेली पानं काढली आणि घसा साफ केला.

"आत्या, घाबरायचं काही कारण नाही."

आत्या तोवर घाबरली नव्हती. आता घाबरली.

"म्हणजे बघ," तो म्हणाला, "इमारतीचा काही भाग पडून कोणाला इजा झाली, तर कायदा मालकांना धरतो. सगळ्यांना एकत्र. आणि एकाकडून वसूल नाही झालं तर दुसऱ्याकडून पूर्ण वसूल करता येतं."

"मग बरोबरच आहे की," आत्या म्हणाली.

"बरोबर काय आहे त्यात!" नाना उसळले. "मी काय ते अक्षर ढकललं? मी दुकानात होतो. तीन गिऱ्हाइकं साक्षीला आहेत."

"विम्याचं काय झालं?" आत्याने विचारलं. "असलं काही झालं तर विमा असतो ना? दादा, तू तर विमा कंपनीत होतास."

खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलची साखळी सैल आहे हे सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं. दादांनी नोकरीत असताना अर्ध्या शहराला विमे विकले होते. हजामाच्या कात्रीचा त्यांनी विमा उतरवला होता. एका गायकाच्या घशाचा उतरवला होता. भेटायला गेलेल्या आजाऱ्याला ते आधी तब्येत विचारत आणि मग वय.

"आपल्या इमारतीला काय होतंय, असं मला वाटलं," दादा म्हणाले. "आणि हप्ता किती असतो माहितेय का? लुटतात नुसते!"

"तर मुद्दा असा," वकील घाईघाईने म्हणाला, "की ते अक्षर कुणामुळे पडलं, हे जर आपल्याला ठामपणे सांगता आलं..."

"कुणामुळे पडलं?" आत्याने विचारलं.

धाकटी पडद्याचं कापड दोन बोटांत धरून बघत राहिली. शेवटी नाना छताकडे बघत म्हणाले, "ताई, तुला वेलांटी आठवते का?"

आत्याला आठवत होती. गेला महिनाभर तिला दुसरं काही आठवत नव्हतं.

अक्षरं बसवली त्या दिवशी उद्घाटनाला मंडळी जमली होती, फीत बांधून झाली होती, आणि आत्याने वर पाहिलं तर तिथे 'आपुलकि' असं लिहिलेलं. पहिली वेलांटी! जिने पस्तीस वर्षं मुलांच्या वह्यांत अशा वेलांट्यांवर लाल गोल काढले, तिच्याच इमारतीच्या कपाळावर, हातभर आकारात, लोखंडात. तिने तिथल्या तिथे सांगितलं होतं, "शब्दाच्या शेवटी दुसरी वेलांटी. ही दुरुस्त झाल्याशिवाय मी फीत कापू देणार नाही." वेल्डरला परत शिडीवर चढवण्यात आलं. त्याने 'क'च्या डाव्या बाजूची वेलांटी कापली आणि तीच उजवीकडे आणून जोडली. शब्द शुद्ध झाला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. फक्त सगळं वजन उजवीकडे गेलं आणि त्या बाजूला खाली चष्म्यांचं दुकान होतं.

"आम्ही म्हणत होतो, राहू दे पहिली," दादा दुःखी स्वरात म्हणाले. "कोण वर बघतंय? पण नाही! बाईंना शुद्धलेखन पाहिजे."

"वजन एका बाजूला गेलं तर बोल्ट वाढवायला हवे होते," आत्या म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच बारीक वाटला. "वेल्डर मागत होता ना आणखी? मी ऐकलं होतं. किती बोल्ट लावले त्याने?"

नानांनी खिशातून रुमाल काढला. "ते... होते त्यातले दोन लावले."

"बाकीचे?"

"आता हा बोल्टांचा विषय कुठून आला? माझ्या दुकानातल्या रॅकला कमी पडत होते. ते जाऊ दे गं! मूळ कारण काय? मूळ कारण वेलांटी!"

"कायद्यात मूळ कारणालाच महत्त्व असतं," वकील म्हणाला. हे त्याने कुठे वाचलं होतं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मग त्याने ती दोन पानं आत्यासमोर ठेवली. फार काही नाही, फक्त एक निवेदन. की नावाचा फलक तिने स्वतःच्या मर्जीने बदलून घेतला, इतर मालकांचा त्याच्याशी काही संबंध नाही, आणि होणाऱ्या भरपाईला ती एकटी जबाबदार आहे.

"आणि ती मी कुठून भरू?"

कोणी ओट्याकडे बघितलं नाही. चौघांनी मिळून इतक्या कष्टाने ओट्याकडे बघणं टाळलं, की आत्यानेच वळून बघितलं.

"अगं, तशी वेळ येणारच नाही," दादा म्हणाले. "आणि आलीच, तर ही जागा आम्ही घेऊ ना विकत. बाहेरच्याला कशाला? तू माझ्याकडे ये राहायला. गॅरेजच्या वरची खोली रिकामीच आहे."

"किंवा आमच्याकडे," धाकटी म्हणाली, आणि नवऱ्याचा चेहरा पाहून लगेच पुढे म्हणाली, "अधूनमधून."

"तू एकटी आहेस, ताई," नाना समजावणीच्या सुरात म्हणाले. "आम्हाला संसार आहेत."

एकट्या माणसाला जमिनीवर राहायची गरज नसते, तो हवेत तरंगतो, अशी या कुटुंबाची पहिल्यापासून समजूत होती. आत्याने कागद हातात घेतले. ते मांडीवर ठेवून तिने वाचायला सुरुवात केली. तिला खरंच वाटत होतं की चूक आपली आहे. वेलांटी तिचीच होती. रोज सकाळी खिडकीतून खाली बघितलं की चष्मेवाल्याचं बंद शटर दिसायचं.

पण समोर मजकूर आला की तिचं डोकं आपोआप दुसऱ्याच वाटेने चालायला लागे. माणसं काय बोलतात यापेक्षा ती कोणतं सर्वनाम वापरतात, याकडे तिचं लक्ष असायचं. 'आपण' म्हटलं की ऐकणारा घरात येतो, 'आम्ही' म्हटलं की तो दाराबाहेर उभा राहतो, असं ती लहान मुलांना शिकवायची. आणि या भावांचं व्याकरण तिला पाठ होतं. गटार तुंबलं की 'आपण' खर्च करायचा. भाडं आलं की 'आम्ही' बँकेत भरून येतो. आणि आज सकाळपासून नुसतं 'तू' चाललं होतं.

दुसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं.

"हे काय लिहिलंयस रे? 'इमारतीचा संपूर्ण दर्शनी भाग हा सर्वस्वी त्यांच्या एकटीच्या मालकीचा व ताब्यातील असून, इतर मालकांचा त्यावर पूर्वी कधीही कोणताही हक्क नव्हता व नाही.'"

"ते तसं लागतं," वकील समाधानाने म्हणाला. "नुसतं अक्षर लिहिलं तर उद्या खिडकीची चौकट पडेल, गिलावा पडेल. मी सगळंच तुझ्यात घेऊन टाकलं. पक्कं काम."

"पूर्वी कधीही हक्क नव्हता?"

"नव्हता," नाना ठासून म्हणाले.

"कधीच नव्हता," दादा म्हणाले.

"बरं," आत्या म्हणाली. तिने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पेनाचं टोपण काढलं. "आणा. करते सही. मग तो गादीवरचा माणूसही माझाच झाला."

"कोण माणूस?" दादांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना कळलं कोण ते.

दर्शनी भागावर, नावाच्या खाली, गाद्यांच्या एका कंपनीची भलीमोठी जाहिरात होती. गुबगुबीत गादीवर एक माणूस गाढ झोपेत हसत पडलेला. तो आत्याच्या खिडकीखाली अकरा वर्षं झोपला होता आणि कंपनी त्याच्या झोपेचं भाडं दरमहा चोख देत होती. दादा आणि नाना ते 'आम्ही बघतो' म्हणून बघत होते. आत्याने कधी विचारलं नव्हतं. तिला वाटायचं, झोपलेल्या माणसाबद्दल काय विचारायचं?

"दर्शनी भाग माझा, आणि पूर्वीपासून माझाच," आत्या शांतपणे म्हणाली. "म्हणजे त्याचं अकरा वर्षांचं भाडंही माझंच. हो ना रे, वकीलसाहेब? त्यातून चष्मेवाल्याचं सगळं भागेल. वर मला नवे पडदेही घेता येतील. हे धाकटीला आवडलेत, ते ती नेईल."

धाकटीने पडदा सोडला.

"एक मिनिट, एक मिनिट!" नाना सोफ्यावरून उठले. "ताई, पेन खाली ठेव."

"का?"

"अगं, दर्शनी भाग असा एकट्याचा कसा असेल? भिंत आहे ती! भिंत सगळ्यांची असते."

"भिंत आपली आहे, बाई," दादा आरामखुर्चीतून पुढे सरकत म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकी माया होती की त्यांना स्वतःलाच ठसका लागला. "आपल्या तिघांची. आपण रक्ताची माणसं. हे असलं कोणी लिहिलं?"

"तुम्हीच सांगितलंत, बाबा," वकील म्हणाला.

"मी अक्षर म्हटलं होतं! सबंध भिंत द्यायला कोणी सांगितलं होतं तुला?"

"पण पक्कं काम..."

"दुकानांची नावं नोंदव तू!"

बापलेकांचं हे चालू असताना दारावर टकटक झाली. म्हणजे दार उघडंच होतं आणि चौकटीत चष्मेवाला उभा होता. उजवा हात गळ्यातल्या पट्टीत, डाव्या काखेत पुठ्ठ्यात बांधलेलं काहीतरी जड. वकिलानेच त्याला अकरा वाजता बोलावलं होतं, निवेदनाची प्रत द्यायला आणि यापुढे एकट्या आत्याशी बोला असं सांगायला. ते तो गडबडीत विसरून गेला होता.

"या, या," आत्या उठली. "कधी आलात?"

"मघाशीच. 'घाबरायचं काही कारण नाही' इथे होतात तुम्ही," चष्मेवाला म्हणाला. "पण आत इतका घरगुती विषय चालला होता, म्हटलं पायरीवर थांबावं."

कोणाला कुठे बघावं ते कळेना. तिथल्या प्रत्येकाच्या नाकावरचा चष्मा त्यानेच केलेला होता. आपल्याच हाताने स्पष्ट करून दिलेल्या त्या नजरा कशा चुकवल्या जात आहेत, ते तो जरा वेळ बघत राहिला.

"भाड्याच्या तारखेला तुम्ही दोघं बंधू आळीपाळीने येत होतात," तो म्हणाला. "मालक म्हणून. मी पडलो त्या दिवशी कोणी आलं नाही, म्हणून मला नोटीस द्यावी लागली. म्हटलं, निदान मालक कोण ते तरी कळेल. फक्त बाई आल्या होत्या दवाखान्यात. रोज येत होत्या."

"आम्ही येणारच होतो," दादा म्हणाले.

"मला काही तुमची इमारत नको. औषधपाणी, बंद दुकानाचा तोटा, आणि हात चालेपर्यंत भाडं माफ. बारीक स्क्रू धरता येत नाही हो अजून. तेवढं लिहून द्या, मी दावा लावत नाही. कोणी द्यायचं ते तुम्ही ठरवा. माझं काही म्हणणं नाही."

"मी देते," आत्या म्हणाली. "वेलांटी माझी होती."

हे ती आता भांडणासाठी म्हणत नव्हती, आणि म्हणूनच नाना घाबरले. ती एकटीने देणार, म्हणजे एकटीने भिंत घेणार, म्हणजे गादीवरचा माणूस कायमचा जाणार.

"छे छे! आपण देऊ!" ते ओरडले. "बोल्ट... बोल्ट माझे होते. म्हणजे माझ्या रॅकला होते. अजून आहेत."

"आणि विमा मी उतरवायला हवा होता," दादा म्हणाले. इतका प्रामाणिकपणा त्यांनी नोकरीत कधी केला नव्हता, त्यामुळे ते थोडे दमले. "लिही रे. सगळे मिळून जबाबदार, असं लिही."

वकिलाने जुनी पानं उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हाताने लिहायला घेतलं. कागद वाया घालवणं या घरात कोणालाच मान्य नव्हतं. लिहून झाल्यावर त्याने वाचलं, "'सदर अपघातास आपण सर्व जबाबदार असून, त्याची भरपाई आपण सर्वांनी मिळून समान वाट्याने करायची आहे.'"

"छान," दादा म्हणाले.

"उत्तम," नाना म्हणाले.

"माझा किती वाटा येईल?" चष्मेवाल्याने विचारलं.

आत्याने वकिलाकडे पाहिलं. त्या नजरेखाली एके काळी अख्खे वर्ग उभे राहिले होते, आणि हा तर तिच्याच वर्गात दोनदा बसला होता.

"अरे, 'आपण' काय? तो कागद वाचणार कोण? हे वाचणार. म्हणजे ज्यांच्या खांद्यावर अक्षर पडलं, त्यांनीही वर्गणी द्यायची का? खोड ते. 'आम्ही' लिही."

"आम्ही," वकिलाने लिहिलं.

"आम्ही म्हणजे कोण कोण, तेही लिही. तिघांची नावं. सरळ रेषेत, गोल नाही. आणि भिंत तिघांची, जाहिरातीचं भाडं तिघांचं, हेही त्याच कागदावर येऊ दे. जबाबदार तिघं, तर मालकही तिघं."

दादांनी नानांकडे पाहिलं. नानांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली गादीवरचा माणूस हसत झोपला असेल, हे न बघताही त्यांना दिसत होतं. मग दोघांनी सह्या केल्या. पहिली सही मात्र आत्याची होती, आणि या वेळी पहिल्या नावावरून कोणीही वाद घातला नाही.

चष्मेवाल्याने कागद डाव्या हाताने घडी करून खिशात घातला. मग काखेतलं ओझं टेबलावर ठेवून पुठ्ठा सोडला. आत ती 'की' होती, एका कोपऱ्यात चेपलेली.

"पुरावा म्हणून ठेवली होती. आता तुमची तुम्हाला. परत लावाल ना? खाली टपालवाला विचारत होता, हे 'आपुल' काय आहे म्हणून." तो जरा घुटमळला. "बाई, रागावणार नसाल तर एक सांगू? या वेळी पहिलीच वेलांटी ठेवा. ती डावीकडे येते. माझं दुकान उजवीकडे आहे."

"डावीकडे माझं दुकान आहे!" नाना म्हणाले.

आत्याने बराच वेळ त्या लोखंडाकडे पाहिलं. मग त्याच्या पट्टीतल्या हाताकडे पाहिलं.

"वेलांटी दुसरीच राहील," ती म्हणाली. "पण बोल्ट सहा. वेल्डर लावत असताना मी खाली उभी राहणार आहे. बरोबर तिच्याखाली."

"सहा!" दादा म्हणाले. "त्यांचा खर्च कोण करणार?"

"आपण," आत्या म्हणाली.

चष्मेवाला दारापर्यंत पोचला होता. तो जागीच थांबला आणि हळूच मागे वळला.

"तुम्ही नाही हो," आत्या म्हणाली. "तुम्ही उतरा सावकाश."